नर्सबाईंची नऊ मिनिटं

नर्सबाईंच्या घरात घड्याळ नव्हतं. नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून मी हजर झालो आणि भाड्याची खोली शोधत त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा पहिली गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली ती हीच. भिंतीवर खिळा होता, खिळ्याखाली घड्याळाएवढा गोल पांढरा डागही होता, पण घड्याळ नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, दुरुस्तीला दिलंय. कधी दिलं? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मी रिटायर व्हायच्या आधी." त्यांना रिटायर होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

मी एस.टी.चा माणूस. रेडिओवर बातम्यांच्या आधी ठोके पडतात, त्यावर मनगटी घड्याळ लावून मगच चहा पिणारा. आमच्या गावी, मढला, आई सगळ्यांना सांगायची, की हा जन्मलासुद्धा गाडी चुकेल या भीतीनं, सातव्याच महिन्यात. केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या, ठरल्या मिनिटाला गाडी फलाटावरून हलवायची आणि ती वेळ रजिस्टरात लिहायची, हे माझं काम. सुटलेल्या गाडीमागून कुणी हात हलवत पळत आलं तर मला त्याची दया येत नसे, राग येई. अशा माणसाला देवानं नेमकी हीच घरमालकीण द्यावी, याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

बाई ख्रिस्ती. पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर जीपनं, बैलगाडीनं, नाहीतर पायी जाऊन त्यांनी इतकी बाळंतपणं केली होती, की बाजारात त्यांच्याबरोबर चालायची सोय नव्हती. दर दहा पावलांना कुणीतरी वाकायचं आणि बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून चारचौघांत त्याच्या जन्माची हकीकत सांगायच्या. एका गावचे सरपंच सभेत भाषणाला उभे राहिले, तर पुढच्या रांगेतून या शेजारणीला ऐकवत होत्या, की हा जन्मला तेव्हा रडेचना, चार थापट्या मारून मीच आवाज काढला, आता थांबत नाही. सरपंचांनी भाषण आवरतं घेतलं.

बुटक्या, जाडजूड, पांढरं लुगडं आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, त्यांच्या नाड्या कधीच न बांधलेल्या. नाडी का बांधत नाही विचारलं तर म्हणत, पळायचंय कुठं?

सार्वकालिक जीवन हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तो नळाचं पाणी गेल्यावर. मी बादली घेऊन चरफडत होतो. बाई म्हणाल्या, "येईल रे. आपल्याला सार्वकालिक जीवन आहे." मला वाटलं ही निवृत्त लोकांसाठी काहीतरी सरकारी योजना असावी. पुढे कळलं, की त्यांच्या धर्मात मरण म्हणजे शेवट नाही, प्रभूवर विश्वास ठेवणारा पुन्हा उठतो आणि मग कायमचा जगतो. हे कुणी मानत असेल तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण बाकीचे ख्रिस्ती लोक ते रविवारी मानत आणि सोमवारी माझ्यासारखेच घाईत असत. बाई ते मंगळवारी दुपारी बाजारातसुद्धा मानत. जुन्नरला बहिणीकडे जायला निघाल्या आणि गाडी सुटताना दिसली, तर पावलाचा वेग तसूभर न वाढवता थांबायच्या आणि त्या गाडीला छान हात हलवून निरोप द्यायच्या. मी केबिनमधून बघायचो आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी बाजाची पेटी शिकायला घेतली. तीन महिने नुसता सा वाजवला. माझी खोली मधल्या फळ्यांच्या पलीकडे. शेवटी मी हात जोडून विचारलं, की बाई, रे कधी येणार? म्हणाल्या, "येईल की. इथं न्हाई आला तर तिथं येईल. तिथं दुसरं काम काय आहे? गायचंच तर आहे." आणि पुन्हा सा.

तिथं गेल्यावर कुणाकुणाला भेटायचं याची त्यांची यादी तयार होती. पहिला नंबर आदामाचा. देवानं त्याला मातीतून घडवला, म्हणजे नाळ नाही, म्हणजे बेंबीही नसणार. बाई म्हणायच्या की आधी मी ते बघणार, मग सलाम करणार. पण खरी ओढ हव्वेची. जगातलं पहिलं बाळंतपण. आई नाही, सासू नाही, सुईण नाही, आपल्याला काय होतंय ते सांगणारं कुणीसुद्धा नाही. हे सांगताना त्यांचा गमतीचा सूर जायचा. "एकटीनं कसं केलंस बाई, येवढंच तिला इचारायचंय मला," म्हणायच्या.

आमच्या आळीतले शिंपीकाका बौद्ध. बाई त्यांना सलाम म्हणत, ते बाईंना जय भीम म्हणत, आणि मग दोघं अर्धा तास वाद घालत. काकांनी एकदा विचारलं, की आमच्यात आत्माच मानत न्हाईत, मंग मी मेल्यावर कुठं जायाचं? बाई म्हणाल्या, तू ये तर आधी, मग बघू कुठं बसवायचं. मीही भीत भीत विचारलं, की आम्हा लोकांना तिथं प्रवेश आहे का. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, की आत कोण बसलं आणि कोण राहिलं हे मोजायचं काम तुमच्या खात्याचं, माझं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून पाळकसाहेब यायचे. त्या दिवशी प्रार्थनाघरात प्रभुभोजन असे, म्हणजे प्रत्येकानं पुढं जाऊन भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. द्राक्षं आमच्या नारायणगावची, रस बाई स्वतः करायच्या, हंगाम नसेल तेव्हा मनुका भिजवून. पण ज्याच्या मनात कुणाविषयी अढी आहे त्यानं आधी जाऊन समेट करावा आणि मगच ती भाकर घ्यावी, असं त्यांच्या शास्त्रात आहे. बाकीची मंडळी हे मनातल्या मनात उरकत. बाई आदल्या शनिवारी बूट घालून निघत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या माणसाबरोबर वीस-पंचवीस वर्षंच काढायचीत, त्याच्याशी अबोला धरून चालतं. ज्याच्याबरोबर अनंतकाळ काढायचाय त्याच्याशी धरून कसं चालेल? म्हणून त्या दारोदार जाऊन क्षमा मागायच्या. अडचण एवढीच, की ज्यांची क्षमा मागायच्या त्यांना आपला अपमान झाल्याचा पत्ताच नसायचा. एका शनिवारी शिंपीकाकांना म्हणाल्या, की तू ब्लाउजचं कापड कमी भरलं म्हणालास तेव्हा मी मनात तुला चोर म्हणाले, क्षमा कर. काकांनी मशीन थांबवलं. चोर? मग कापड काढलं गेलं, टेपनं मोजलं गेलं, आवाज चढले. बाई तणतणत घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा बूट घालून निघाल्या, कारण परत येताना मनात चोरापेक्षा मोठी शिवी आली होती.

अशा बाईंना एकच माणूस जड गेला. ते म्हणजे हेडमास्तर.

हेडमास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, हातात बारा महिने छत्री. पत्नी वारलेली, मुलगी घोडेगावला दिलेली. आळीच्या टोकाला कौलारू प्रार्थनाघर, मंडळी अकरा घरांची, त्यात गाणारा मोठा आवाज यांचा. पेटी उचलून न्यायला बाई रविवारी मला धरून नेत आणि एकदा आत गेलं की शेवटचा चहा होईपर्यंत सुटका नसे, त्यामुळे सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. व्यासपीठाकडे तोंड केलं की उजवीकडे पुरुषांचे बाक, डावीकडे बायकांचे, आणि पुढं मधोमध पेटी. बाईंना तोवर रे आणि पुढचं सगळं आलं होतं. त्या भाता हलवायच्या, आणि पेटीतून सूर निघायच्या आत हेडमास्तर सुरू. मंडळी पहिल्या ओळीत, सर दुसरीत. कडवं संपवून ते समाधानानं थांबायचे आणि बाकीचे येऊन पोचायची वाट बघायचे. सूरही त्यांचा स्वतःचा, पेटीत न सापडणारा. मला मात्र ते आवडायचे. वेळेच्या आधी पोचणारा माणूस मला कधीही आवडतो.

बाईंची झोप उडाली होती. "तिथं सिंहासनापुढं सतत गाणं चालतं," त्या मला कळवळून सांगायच्या. "आणि आमची मंडळी एकत्रच बसवणार. म्हंजे हा माणूस माझ्या शेजारी. अनंतकाळ, कंट्रोलर. अनंतकाळ हा एक ओळ पुढं." याला उपाय एकच, सरांना इथंच ताल शिकवून तयार करायचं. त्या त्यांच्या बाकाशी जाऊन शेजारी उभ्या राहायच्या, टाळ्या वाजवून मात्रा समजवायच्या. सर हसून हो हो म्हणायचे आणि पुढच्या गाण्याला पुन्हा एक ओळ पुढं.

मग तो ईस्टर आला. प्रभू कबरेतून उठला त्याचा हा सण, म्हणून त्या दिवशी मंडळी उजाडताना कबरस्तानात जमते आणि आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभी राहून गाते. मी पेटी घेऊन गेलो होतो. सर पत्नीच्या कबरीजवळ उभे होते. बाईंनी भाता हलवला आणि सरांनी मोठ्या आनंदात सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला ते इतके पुढं गेले की बाईंनी पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. तुमी त्याला दुसऱ्याच दिवशी उठवताय."

सगळं कबरस्तान हसलं. मी हसलो, पाळकसाहेब हसले, बाई स्वतः पोट धरून हसल्या. सर सगळ्यांकडे बघत होते. त्यांनी शेजारच्याला काय झालं म्हणून विचारलं, त्यानं वाकून त्यांच्या कानात सांगितलं, आणि मग ते त्यांना कळलं. तोपर्यंत आमचं हसू संपलेलं होतं. सरांनी पत्नीच्या कबरीकडे पाहिलं आणि हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं.

त्यानंतर ते उपासनेला येत राहिले, पण गायले नाहीत. ओठसुद्धा हलवत नसत. आता मंडळीचं गाणं तालात होईल असं वाटलं होतं, तर ते रडतखडत चालायला लागलं. पुढं पळणारा कुणी उरला नाही तसे सगळेच मागे राहायला लागले. बाई शनिवारी आळीभर फिरायच्या, शिंप्याकडे, किराणावाल्याकडे, टोमॅटोच्या अडत्याकडे, पण सरांच्या दारात जायच्या नाहीत. मी म्हणालो, जाऊन या की. म्हणाल्या, मी तालाचं बोलले ते खरं होतं, खऱ्याची क्षमा मागायची तर खोटं बोलावं लागेल. आणि रविवारी सगळी मंडळी भाकर घ्यायला उठली, की या पेटीमागे खाली मान घालून बसून राहायच्या. स्वतःच्या हातानं केलेला रस, पण त्यातला घोट त्यांनी दहा महिने घेतला नाही. पुढं पुढं तर हव्वेचं नाव काढणंही बंद झालं. घरातली पेटी बंद पडली आणि मला त्या शांततेत झोप येईना. ज्या माणसानं सा बंद व्हावा म्हणून हात जोडले होते तोच मी, फळ्यांना कान लावून पडायचो.

पुढच्या वर्षी द्राक्षं यायला लागली तेव्हाची गोष्ट. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो. बाई उद्याच्या रसासाठी द्राक्षं धूत होत्या. मी सांगितलं, की हेडमास्तर चालले, मुलीकडे, कायमचे, चार-वीसच्या भीमाशंकर गाडीनं घोडेगावला उतरणार आहेत. बाई मान वर न करता म्हणाल्या, जाऊ दे. मी म्हणालो, कंडक्टरला सांगून ठेवलंय, त्यांच्याशी उजव्या बाजूनं बोल म्हणून.

"का?"

"डावा कान गेलाय ना त्यांचा. स्टँडवर सगळ्यांना ठाऊक आहे. खिडकीशी येतात ते उजवा कान पुढं करून. बाकावरसुद्धा कर्ण्याचा खांब उजव्या हाताला येईल असं बघून बसतात, नाहीतर माझं पुकारलेलं ऐकू येत नाही."

बाईंचे हात पाण्यात तसेच थांबले. कधीपासून, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी आलो तेव्हापासून तरी, चार वर्षं. मग आज सांगतोस? मी म्हणालो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही नर्स. हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. बाईंनी ओला हात स्वतःच्या डाव्या कानाला लावला. पुरुषांचे बाक उजवीकडे, पेटी मध्ये, म्हणजे पेटी सरांच्या डावीकडे. टाळ्या वाजवून शिकवायला त्या उभ्या राहायच्या तेही डावीकडेच, कारण उजवीकडे भिंत होती. त्या खाली जमिनीवर बसल्या. "पस्तीस वर्षं लोकांचे कान तपासले मी," एवढंच म्हणाल्या. माझी सुट्टी संपत आली होती, मी निघालो.

चार वाजून अठरा मिनिटांनी भीमाशंकर गाडी फलाटावर भरून उभी होती. मी माइकवरून शेवटचं पुकारलं. चार एकोणीसला ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मी शिट्टी तोंडात धरली आणि रस्त्याकडे नजर गेली, तर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बाई दिसल्या. पळत होत्या. लुगडं एका हातानं वर धरलेलं, बुटांच्या नाड्या मागून फरफटत, एक बूट निघाला तो तिथंच टाकून. आधी सरांच्या घरी गेल्या होत्या, तिथं कुलूप पाहून तिथून पळत सुटल्या होत्या. स्टँडवरचे लोक उठून बघायला लागले. त्यांच्या जन्माच्या वेळीसुद्धा ज्यांनी घाई केली नव्हती त्या बाई पळताना बघायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

गाडी हलली. आणि मी, ज्यानं सख्ख्या मामासाठी गाडी थांबवली नव्हती, तो केबिनमधून उतरून तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं साहेब? मी म्हणालो, थांबा. पण का? मी म्हणालो, थांबा म्हटलं ना.

बाई चढल्या. मी मागून चढलो. सर उजव्या अंगाच्या खिडकीशी बसले होते, बाहेर बघत, वाटेत त्यांची ट्रंक. बाई धापा टाकत ट्रंकेशी उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. ईस्टरच्या पहाटेपासून सुरुवात केली. मग मनातल्या मनात सरांना आजवर काय काय म्हटलं त्याची यादी, त्यात रेडा होता, भोंगा होता, आणखीही बरंच होतं. मग कान, मग बाक, मग भिंत. गाडीत सगळी शांतता. भीमाशंकरला निघालेल्या दोन बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. एका फेटेवाल्या आजोबांना राहवेना, ते पुढं वाकून सरांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, "मास्तर, आवं माफ करा की आता. लई बोलली ती."

सरांनी दचकून वळून पाहिलं. बाई दिसल्या. "तुम्ही? काही म्हणालात का? या कानानं ऐकू येत नाही मला. इकडून बोला."

सगळी गाडी हसत सुटली. फेटेवाले आजोबा, कंडक्टर, पदर लावलेल्या बायका, सगळे. मला हसावं का रडावं ते कळेना, दोन्ही एकदम येत होतं. आणि बाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या, दहा महिन्यांत पहिल्यांदा. पण इकडून बोलायचं कसं? इकडे खिडकी. कंडक्टर म्हणाला, बाई, खाली उतरून बाहेरनं बोला. बाई उतरल्या, गाडीला वळसा घालून खिडकीखाली आल्या, पण खिडकी उंच आणि बाई बुटक्या. तेव्हा मी केबिनमधली माझी खुर्ची आणली. ज्या खुर्चीवर बसून मी चार वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या, त्या खुर्चीवर एका बुटानं बाई चढल्या आणि खिडकीच्या गजाला धरून सरांच्या उजव्या कानाशी आल्या. यादी आता त्यांना आठवेना.

"सर, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "क्षमा करा."

सरांनी गजावरच्या बाईंच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, मला पेटी ऐकू यायची नाही. मी तुमच्या हाताकडे बघून गायचो. भात्यावरचा हात हलला की सुरू करायचो. मला वाटायचं, मी बरोबर आहे."

पेटीत आधी हवा भरावी लागते आणि मग सूर निघतो. तेवढ्या वेळानं हा माणूस सगळ्यांच्या पुढं होता, आणि तो बाईंच्याच हाताप्रमाणे चालत होता. बाईंना हे कळायला क्षणही लागला नाही. त्यांनी खिडकीच्या गजावर कपाळ टेकवलं. मी घड्याळाकडे पाहिलं. चार सत्तावीस झाले होते.

सर उठले आणि कंडक्टरला म्हणाले, ट्रंक उतरवा, उद्याची उपासना करून जाईन. सगळ्या गाडीनं हातोहात ट्रंक खाली पोचवली. ते पुढं कधीच घोडेगावला गेले नाहीत, मुलगीच त्यांना भेटायला यायची. रजिस्टरात मी नऊ मिनिटं उशीर लिहिला. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना, शेवटी लिहिलं, प्रवाशांची चढउतार. साहेबांनी विचारलं, चढउताराला नऊ मिनिटं? मी म्हणालो, चढ जरा अवघड होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांचा हात धरला आणि त्यांना नेऊन बायकांच्या पहिल्या बाकावर बसवलं, पेटी उजव्या कानाला येईल अशी. पन्नास-साठ वर्षांत त्या बाकावर पुरुष बसला नव्हता. म्हाताऱ्या बायका पदर सावरत सरकल्या, एकदोघी कुजबुजल्या, सर लाजून लाल झाले. बाईंनी भाता हलवला, सूर निघाला, आणि सर बरोबर सगळ्यांबरोबर निघाले. सूर अर्थातच पहिल्यासारखाच भयंकर होता, त्याला कान जबाबदार नव्हता. बाईंनी पेटीवरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, की हे चालेल, हे अनंतकाळ चालेल. त्या दिवशी भाकर घ्यायला त्या पहिल्या उठल्या.

संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना छेडलं. म्हटलं, तुम्हाला एवढा अनंतकाळ पडलाय, मग काल कशाला पळालात, तिथं भेटले असते की सर. बाई सापडलेल्या बुटाला लागलेला चिखल काडीनं काढत होत्या. म्हणाल्या, "तिथं सगळं मिळंल रे. पण माफी मागायची सोय तिथं न्हाई. तिथं कुणी रागावलेलंच नसणार. ते इथलं काम हाये, आणि त्याला टाइम थोडा हाये." मग बूट खाली ठेवून म्हणाल्या, "तू गाडी थांबवलीस ते लई ग्वाड केलंस." मला या वाक्याचा झाला तेवढा आनंद माझ्या बढतीचाही झाला नाही.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर शिंपीकाकांचा फोन आला. तोवर माझी बदली झाली होती. बाई झोपेतच गेल्या होत्या. मला न्यायची घाई करायची न्हाई, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलेलं. चारची वेळ ठरली होती, निघायला साडेपाच झाले, आणि कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. कबरस्तानात निम्म्या तालुक्याएवढी माणसं होती, सगळी त्यांच्या हातून या जगात आलेली. शिंपीकाका माझ्या कानाशी म्हणाले, बाईंनी एव्हाना हव्वेला गाठली असंल. मी म्हणालो, छे, रमतगमत जातील.

पेटी आणली नव्हती, ती वाजवणारं कुणी उरलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला आणि सगळे सरांकडे बघायला लागले. सर ऐंशीच्या पुढं गेलेले, हातात पुस्तक, छत्री शेजारी टेकवलेली. पण ते सुरू करेनात. त्यांनी उजवा कान त्या उघड्या कबरेकडे केला होता आणि ते वाट बघत होते. आयुष्यभर सगळ्यांच्या आधी निघालेला माणूस थांबून राहिला होता. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. कुणाला काय करावं सुचेना.

मी त्यांच्या समोरच, कबरेच्या या अंगाला उभा होतो. मला गाता येत नाही, आणि ती गाणीही माझी नाहीत. पण भाता कसा हलतो ते मला ठाऊक होतं. मी डावा हात पुढं केला आणि हवेतच भाता दाबला.

सरांनी हात पाहिला आणि लगेच सुरू केलं, पहिल्यासारखं, एक ओळ पुढं. आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून पळत सुटलो.